दोन स्ट्राइक झाल्यावर

पहिला घास गिळायच्या आत केतकीनं पोळीचा दुसरा तुकडा तोंडात कोंबला, आणि समोर बसलेल्या तिच्या पप्पांनी शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. तिनं मान खाली घातली आणि हळूहळू चावायला लागली.

बटण म्हणजे हळू. कानाची पाळी म्हणजे जोरात. मनगटावरचं घड्याळ चाचपलं की आवर, चल. बेसबॉलमध्ये पिचरनं पुढचा चेंडू कसा टाकायचा, हे बाहेरून सांगायच्या या खुणा. आमच्या घरात त्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोचल्या होत्या, कारण ऑक्टोबरपासून चंद्रहास स्वतःच्या मुलीशी बोलत नव्हते. ऑक्टोबरात ती तिच्या मोठ्या काकांच्या टीमकडून हरली. "ज्या दिवशी त्यांना हरवशील, त्या दिवशी बोलेन," असं ते तिला म्हणाले आणि त्यांनी ते पाळलं. ती अकरा वर्षांची होती. आता जानेवारी उजाडला होता.

"अहो, आज तरी एक शब्द बोला तिच्याशी," मी म्हटलं.

"आजच बोलणार आहे. सामना संपला की."

"आणि हरली तर?"

"हरली तर विषय संपला. दादाला शब्द दिलाय मी. हरलो तर तिचा ग्लोव्ह त्याच्या हातात ठेवीन. मग मैदानावर ना मी पाय ठेवणार, ना ही."

"जिंकली तर?"

"तर सोमवारी पुणं."

पुण्याच्या एका निवासी क्रीडाशाळेच्या मॅडम त्या दिवशी भुसावळला येणार होत्या. जिल्ह्यातून एकच मुलगी न्यायची होती. जी पिचर अंतिम सामना जिंकेल तीच जाणार, असं चंद्रहासनी गृहीत धरलं होतं, आणि त्यांच्यामुळे मीही.

म्हणजे जिंकली तर सोमवारी जाणार आणि हरली तर घरी राहणार. यातलं मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. केतकीला काय विचारायचं? लहान होती ती. दर सामन्याआधी न्हाणीघरात जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर यायची. दोन महिन्यांत तिचा शाळेचा स्कर्ट मी दोनदा आवळला होता. रविवारी दुपारी झोपली तरी तिची बोटं चेंडू धरल्यासारखी वाकलेली असत. मी शेजारी बसून ती एकेक सरळ करी. मी हात काढला की ती परत वाकत.

मागच्या अंगणात भिंतीवर एक जुनी गादी टांगलेली होती. तिच्यावर कोळशानं काढलेला चौकोन. रोज पहाटे त्या चौकोनात दोनशे चेंडू. एक जरी बाहेर गेला तर पुन्हा एकपासून. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची. धप, धप, धप. आणि मध्येच सगळं थांबलं की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. परत पहिलं धप ऐकू आलं की कळायचं, एकशे सत्तरावर चुकली असणार.

मैदानावर पोचलो तेव्हा फक्कीच्या रेघा मारणं चालू होतं. मांडवात एकच मोठी सतरंजी होती, आणि तिच्यावर आधीच मंदाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, ऐसपैस बसल्या होत्या.

"ये गं नीलू, बस. शत्रूच्या सतरंजीवर बसलीस म्हणून नवरा ओरडणार तर नाही ना?"

"नाही. माझ्याशी बोलतात ते अजून."

"नशीबवान आहेस बाई. आमचे तर झोपेतसुद्धा 'मार, मार' करतात. परवा मी उठून दिवाच लावला. म्हटलं, कुणाला मारायचंय ते एकदा नीट बघून घ्या, मग मला झोपू द्या."

मी हसले. मंदाताईंशी माझं कधीच वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते दोन भावांत. तरुणपणी दोघे एकाच टीमचे, चंद्रहास चेंडू टाकणारे आणि प्रल्हाददादा तो पकडणारे कॅचर. खेळाडूंच्या राखीव जागेतून रेल्वेत एकाला नोकरी मिळणार होती. त्या निवडीच्या दिवशी चंद्रहासचे तीन चेंडू दादांच्या ग्लोव्हला लागून मागे निघून गेले. बघणाऱ्यांना वाटलं, पिचरचाच ताबा सुटला. नोकरी दादांना लागली. चंद्रहासच्या मते दादांनी ते तीन चेंडू मुद्दाम सोडले. दादा म्हणायचे, पकडता आले नाहीत. वीस वर्षं हे असंच चालू होतं. एक भाऊ रेल्वे कॉलनीच्या मुलींना शिकवायचा, दुसरा खाजगी शाळेत पी.टी. घ्यायचा आणि तिथल्या मुलींना शिकवायचा. दादांची दीप्ती तेरा वर्षांची, त्यांची सगळ्यात चांगली बॅटर. आमची केतकी पिचर.

"दीप्ती सकाळपासून विचारतेय, केतकी माझ्यावर चिडलीय का," मंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई गं, तुझा बाप आणि तिचा बाप चिडायला पुरेसे आहेत. तुम्ही नुसत्या खेळा."

समोर टेबलाशी पुण्याच्या त्या देवस्थळी मॅडम पांढरी टोपी घालून येऊन बसल्या. हातात वही. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

केतकी त्या दिवशी जशी खेळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. हात फिरायचा आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फट्‌कन बसायचा. चंद्रहास बाकाशी उभे राहून कान, बटण, कान करत होते आणि ती मान हलवून टाकत होती. एकदाही चुकली नाही. तिच्या प्रत्येक चेंडूला मांडवातली माणसं टाळ्या वाजवत होती, आणि प्रत्येक टाळीबरोबर सोमवार जवळ येत होता. कपाटावरची निळी बॅग मी आदल्या दिवशी खाली काढली होती, आणि परत वर ठेवून दिली होती.

सातवा डाव, शेवटचा. आमच्या तीन धावा, त्यांच्या दोन. त्यांच्या दोन मुली बाद झालेल्या. आणखी एक बाद की खेळ खलास. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या दोन मुली पळायच्या तयारीत उभ्या होत्या, आणि बॅट घेऊन आली दीप्ती.

"मला नाही बाई बघवत," म्हणत मंदाताई उठल्या आणि मांडवामागच्या चहाच्या टपरीकडे निघून गेल्या.

पहिला चेंडू जोरात. दीप्तीनं बॅट फिरवली, हवेत. स्ट्राइक. दुसरा त्याहून जोरात. पुन्हा हवेत. दोन स्ट्राइक. आता तिसरी झाली की दीप्ती बाद, आम्ही जिंकलो, आणि सोमवार.

तेवढ्यात दीप्तीनं पंचांकडे हात वर केला. तिची वेणी सुटली होती आणि हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं. पंच म्हणाले, लवकर. ती आईला शोधत मांडवाकडे धावत आली. आई नव्हती. मी होते.

"काकू, पटकन बांध ना. हे डबडं बसतच नाही डोक्यावर."

माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. आम्ही एकत्र राहत होतो तेव्हा, म्हणजे ती चार वर्षांची होईपर्यंत, मीच घालायची तिच्या वेण्या. मी केसांचे तीन पेड केले. आणि तिच्या डोक्यावरून समोर पाहिलं.

चंद्रहासनी शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. केतकीनं मान हलवली.

दोन जोरात आल्यावर तिसराही जोरात येईल म्हणून बॅटर घाईनं बॅट फिरवते, आणि हळू चेंडू नंतर येतो. ती हमखास फसते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसतं बघून शिकले होते.

मी वेणीला रबर लावलं आणि दीप्तीच्या कानाशी वाकले.

"पुढचा हळू येणार आहे. घाई करू नकोस. थांब आणि मग मार."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "काकू?"

"जा."

ती गेली. मी मान वर केली. केतकी चेंडू हातात घेऊन उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तो चेंडू हवेत किती वेळ होता ते मला आजही सांगता येणार नाही. हळूच आला. दीप्ती थांबली. मग तिनं मारला, आणि तो दोन मुलींच्या मधून निघून पार कुंपणापर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरची धाव पुरी करून होम प्लेटवर आली. दुसऱ्या बेसवरचीही आली. चार-तीन. रेल्वे कॉलनीच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. आमच्या मुली होत्या तिथे डोक्याला हात लावून उभ्या राहिल्या.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी उभ्या उभ्या रविवारच्या स्वयंपाकाचा बेत केला. भरीत, कळण्याची भाकरी, तिला आवडतात म्हणून शेंगदाण्याचे लाडू.

चंद्रहास शांतपणे मैदानात गेले. केतकीच्या हातातला ग्लोव्ह काढून घेतला, आणि दादांसमोर जाऊन उभे राहिले.

"घे."

"चंदू, अरे पोरींचा खेळ आहे हा. ठेव ते तुझ्याकडे."

"शब्द म्हणजे शब्द. निदान माझा तरी."

"वीस वर्षं झाली रे! अजून तेच?"

"तीन चेंडू, दादा," चंद्रहास म्हणाले आणि ग्लोव्ह त्यांच्या पायाशी ठेवला.

केतकी मैदानाच्या कोपऱ्यातल्या टाकीच्या नळाखाली हात धरून उभी होती. रडत नव्हती. मी जवळ गेले, पदरानं तिचा चेहरा पुसायला लागले. तिनं मान बाजूला केली.

"जाऊ दे बेटा. संपलं आता सगळं. उद्यापासून हवं तेवढं झोप."

"तू दीप्तीताईला काय सांगितलंस?"

"काही नाही. वेणी बांधून दिली."

"मम्मी, तुझे ओठ हलत होते."

मी नळाकडे बघत राहिले.

"पप्पांनी बटणाला हात लावला ते तू बघितलंस. मग तिच्या कानात बोललीस. मग तिनं वळून तुझ्याकडे बघितलं." ती एकेक गोष्ट अशी सांगत होती, जशी शाळेत पाठ म्हणून दाखवते. "मला वाटलं, जोरात टाकावा. जोरात टाकला असता तर ती आउट झाली असती."

"मग टाकला का नाहीस?"

"मला वाटलं, माझी मम्मी असं नाही करणार. दुसरं काहीतरी सांगत असेल."

माझे हात तिच्या खांद्यावर होते. ते मी काढून घेतले.

"मी तुझ्यासाठीच केलं गं. एवढ्याशा मुलीनं तिकडे एकटीनं राहायचं, परक्या गावात... तुझी काय दशा झालीय ते मला दिसत नाही का?"

"मला जायचं होतं."

"पप्पांच्या भीतीनं म्हणतेस तू."

"तिथे पप्पा नाहीत," ती म्हणाली. नळ बंद केला. "आणि तूपण नाहीस. तू सारखी बघत असतेस मला. किती खाल्लं, ओकले का, झोपले का. मी डोळे मिटले ना, तरी मला कळतं तू दारात उभी आहेस म्हणून. तिथे एका खोलीत वीस मुली असतात, मम्मी. एकटीकडे कोण बघणार?"

मग तिनं हात खेळाच्या शर्टाला पुसले, आणि जायला निघाली. कुठे, तर घरी. जे मला हवं होतं.

मी तिचा ओला हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला टेबलाकडे नेलं. देवस्थळी मॅडम वही पिशवीत घालत होत्या. शेजारी दादा, चहाचा ग्लास घेऊन आलेल्या मंदाताई, हेल्मेट काखेत धरलेली दीप्ती. चंद्रहास चार पावलांवर पाठ करून उभे होते.

"मॅडम, तो शेवटचा फटका खोटा आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पुढचा चेंडू हळू येणार हे मी दीप्तीला आधी सांगितलं. वेणी बांधताना. माझ्या मिस्टरांच्या खुणा मला कळतात. माझ्या मुलीची काही चूक नाही. ती हरली नाही, मॅडम. तिला मी हरवलं."

"नीलू, काय बोलतेस हे?" मंदाताईंच्या ग्लासातला चहा हातावर सांडला.

दीप्तीचा चेहरा रडवेला झाला. "काकूनं सांगितलं होतं," ती पुटपुटली. "मला वाटलं, गंमत करतेय. पण चेंडू खरंच हळू आला."

चंद्रहास वळले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर हात उगारतील. पण त्यांचा आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"दादानं माझे तीन चेंडू सोडले, त्याचं कारण तरी मला समजतं. त्याला नोकरी हवी होती. तुला काय हवं होतं?"

"ही," मी म्हटलं. "मला ही हवी होती."

"मी सोडले नव्हते रे, चंदू," दादा म्हणाले. पण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मॅडमनी टोपी काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. त्यांनी मला माफ केलं नव्हतं, एवढं मला तेव्हाच कळलं.

"सामना पंचांनी संपवलाय. तो काही आता फिरत नाही. आणि मी कोण जिंकतं ते बघायला आलेही नव्हते." त्यांनी पिशवीतून वही परत काढली. वहीत एक छापील अर्ज होता, आणि वरच्या ओळीत नाव आधीच लिहिलेलं होतं. केतकी चंद्रहास बऱ्हाटे. "फटका बसल्यावर नऊपैकी आठ मुली डोक्याला हात लावून उभ्या होत्या. ही एकटी तिसऱ्या बेसच्या मागे धावत गेली. लांबून फेकलेला चेंडू कुणाच्या हातून सुटला तर अडवायला. तुला हे कुणी शिकवलं गं?"

केतकीनं वर पाहिलं नाही. "पप्पांनी."

चंद्रहास फाटकाकडे बघत होते.

"मी पत्र पाठवणार होते. पण समोर आहात, तर इथेच होऊन जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "इथे पालकांची सही."

"माझी नाही मिळणार," चंद्रहास म्हणाले. "मी शब्द दिलाय. ही आता खेळणार नाही."

"अरे, मी सोडला तुला त्या शब्दातून!" दादा ओरडले.

"तू सोडल्यानं मी सुटत नाही, दादा." आणि ते वळून चालायला लागले. फाटकापर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

मॅडमनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "आईची चालते. पण आधी ऐका. दिवाळी आणि मे महिना सोडला तर सुटी नाही. फोन रविवारी, पाच मिनिटं. मध्येच येऊन मुलीला घेऊन जाता येत नाही."

मी केतकीकडे वळले. "तुला जायचंय?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होते. बाकी सगळं विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली. लगेच.

मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, कॉलेजात मैत्रिणी माझ्याकडून जर्नलवर नावं लिहून घेत. त्या अर्जावरची माझी सही मात्र दुसऱ्याच कुणाची वाटेल अशी आली.

"मॅडम, हिला थंडीत खोकला होतो," मी म्हटलं. "रात्री ओवा गरम करून छातीला शेकावा लागतो. आणि जेवताना घाई करते, तर जरा—"

केतकी माझ्याकडे बघत होती. मी अर्ज मॅडमकडे सरकवला.

"सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचवा," मॅडम म्हणाल्या.

सोमवार. म्हणजे आजची संध्याकाळ होती, आणि अख्खा रविवार होता. मी तेवढं मनातल्या मनात घट्ट धरलं.

"मॅडम," केतकी म्हणाली, "तुम्ही आज परत जाणार ना?"

"हो. दोन वीसची गाडी आहे."

"मी आजच तुमच्याबरोबर आले तर चालेल?"

मंदाताईंनी तोंडाला पदर लावला. मॅडम काहीतरी नाही म्हणायच्या बेतात होत्या, नियम, तिकीट, कपडे असं काहीतरी. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

साडेबारा वाजून गेले होते. बॅग भरायला तासभर होता.

"चालेल," मी म्हटलं.